धरण एवढं मोठं, मग नळ का आटला? नागपूरच्या पाण्याची वरून खाली गोष्ट

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड पाण्यावर आहे. सुरुवात दोन तारखांनी करतो.

पहिली, जुलै २०१९. पावसाळा कॅलेंडरवर लागून महिना उलटला होता, पण पेंचच्या खोऱ्यात पाऊस काही धड पडत नव्हता. तोतलाडोह धरणातला वापरण्याजोगा साठा संपला होता आणि मृत साठ्यावर दिवस काढणं चालू होतं. शेवटी महापालिकेनं एक दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. '२४ तास पाणी' योजनेचे बोर्ड बघत मोठी झालेली आपली पिढी. तिनं पहिल्यांदाच घरात ड्रम, बादल्या, कुकरचे डबे, जे सापडेल ते भरून ठेवलं.

दुसरी तारीख, २३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीनं काठ सोडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, पुढे सीताबर्डीपर्यंत घरांत आणि दुकानांत पाणी. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. लोकांचे जीव गेले. लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या.

एकच शहर. चार वर्षांच्या अंतरानं एकदा पाणी नाही म्हणून हाल, एकदा पाणी आहे म्हणून हाल. आता मला सांगा, नागपूर पाण्याच्या बाबतीत सुरक्षित आहे की नाही?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी 'जलसुरक्षा' या शब्दाचा अर्थ लावायला लागतो. त्यावर अभ्यासकांनी बरंच डोकं लावलंय. त्यातलं कामाचं तेवढं घेऊ आणि थेट आपल्या नळावर लावून बघू.

माणशी किती पाणी?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी फूटपट्टी आहे स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांची. २०२३ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या. १९८९ मध्ये त्यांनी एक साधा हिशेब मांडला. बहुतेक लोक विचारतात, एका माणसाला किती पाणी? त्यांनी प्रश्न उलटा केला. दरवर्षी निसर्गाकडून नव्यानं मिळणाऱ्या दहा लाख घनमीटर पाण्यावर किती माणसं अवलंबून आहेत? सहाशेच्या वर गेली की ओढाताण सुरू होते. हजाराच्या वर गेली की टंचाई. दोन हजारांच्या वर गेली की परिस्थिती हाताबाहेर.

तेच आकडे उलटे करून आज सगळीकडे छापले जातात. वर्षाला माणशी १,७०० घनमीटरच्या खाली गेलात तर जलताण, १,००० च्या खाली टंचाई, ५०० च्या खाली घोर टंचाई.

भारत कुठे आहे? केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे १९५१ मध्ये माणशी ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होतं. २०११ मध्ये १,५४५ झालं. २०२१ साठीचा अंदाज १,४८६. म्हणजे पहिली रेघ आपण केव्हाच ओलांडली. पाऊस तेवढाच आहे, वाटेकरी वाढले.

आता एक गंमत बघा. १,४८६ घनमीटर म्हणजे दिवसाला माणशी चार हजार लिटर झाले. आणि शहरात माणशी पाणी किती द्यावं याचा सरकारी निकष आहे १३५ लिटर. मग बाकीचं जातं कुठे? मुख्यतः शेतात. जगाची सरासरी काढली तर एक किलो तांदळामागे अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे तुमच्या ताटातल्या भातामागचं पाणी तुमच्या आंघोळीच्या बादलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फाल्कनमार्कबाईंची फूटपट्टी चांगलीच आहे, पण ती सरासरी सांगते. नागपुरात जुलैमध्ये नळ आटला हे त्या सरासरीत दिसत नाही, आणि सप्टेंबरमध्ये डागा लेआउट बुडाला हेही दिसत नाही.

म्हणून दुसरी व्याख्या बघू. डेव्हिड ग्रे आणि क्लॉडिया सॅडॉफ हे दोघं. जागतिक बँकेत पाण्यावर काम करताना त्यांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातली व्याख्या आपल्या भाषेत सांगायची तर अशी: माणसांच्या तब्येतीसाठी, पोटापाण्यासाठी, उद्योगांसाठी आणि निसर्गासाठी पुरेसं पाणी हवं, ते चांगल्या दर्जाचं हवं, आणि पाण्यामुळे येणारी संकटं झेपतील एवढीच असावीत.

तीन गोष्टी झाल्या. प्रमाण, दर्जा, संकट. आता हीच यादी घेऊन नागपूर फिरू.

पाणी येतं कुठून?

नळ उघडला की येणारं पाणी बहुतांशी पेंच नदीचं असतं, उरलेलं कन्हान नदीचं. पूर्वी असं नव्हतं. आधी अंबाझरी होता, मग इंग्रजांच्या काळात, १९११-१२ च्या सुमारास, गोरेवाड्याचा तलाव झाला. शहर वाढलं तसं कन्हानवर गेलो, नंतर पेंचवर. म्हणजे दर पिढीला आपण आणखी लांबून पाणी आणायला लागलो.

पेंचच्या पाण्याचा प्रवास असा. वर सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात नदी उगम पावते. राज्यांच्या सीमेवर, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तोतलाडोह धरण आहे, तिथे ती अडते. तिथून खाली नवेगाव खैरीच्या धरणात येते. मग कालवा आणि माणूस आरामात उभा राहील एवढ्या जाड पाइपलाइननं महादुल्याला, पंपानं उचलून गोरेवाडा भागातल्या शुद्धीकरण केंद्रात, तिथून तुमच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीत, आणि मग तुमच्या नळाला.

आता गणित करू. फोनमधला कॅल्क्युलेटर काढलात तरी चालेल.

नागपूरला दिवसाला साधारण ६५० एमएलडी पाणी दिलं जातं. एक एमएलडी म्हणजे दहा लाख लिटर. वर्षाचे होतात २३७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पेपरात 'दलघमी' लिहितात ते. तोतलाडोहाचा वापरण्याजोगा साठा सुमारे १,०१६ दलघमी आहे. भागाकार करा. धरण एकदा पूर्ण भरलं तर नागपूरला चार वर्षांहून जास्त पुरायला हवं! बाष्पीभवन, गळती सगळं धरलं तरी दोन-तीन वर्षं काढता यावीत.

मग २०१९ मध्ये काय झालं, बाप्पा?

झालं असं की ते धरण नागपूरसाठी बांधलेलंच नाही. ते आहे वीज आणि सिंचनासाठी. पेंच प्रकल्पाचं लाभक्षेत्र लाखभर हेक्टरच्या घरात आहे. रामटेक, पारशिवनी, मौदा, आणि पुढे भंडारा जिल्ह्याकडचा भाग. हे धानाचे तालुके. मघाचा तांदळाचा हिशेब आठवा. शिवाय कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं. त्यांनाही पाणी याच भागातून लागतं. शहर या रांगेत उशिरा येऊन उभं राहिलं, पण पुढे घेतलं गेलं. कारण राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रमांक आहे.

ते बरोबरच आहे, कोणी नाही म्हणणार नाही. फक्त त्याचा अर्थ काय होतो ते बघा. धरणात पाणी कमी आलं की पहिली कात्री लागते कालव्याला. शहरात पाणीकपात होईपर्यंत शेतकऱ्याची कपात आधीच होऊन गेलेली असते. आपल्याला जुलै २०१९ आठवतो कारण त्या वेळी नळ बंद झाला. कालव्याच्या शेवटच्या टोकावर धान पेरणाऱ्याला त्याआधीचे हंगामही आठवतात.

चौराई: चोरी की हक्क?

आता या गोष्टीतलं सगळ्यात वादाचं प्रकरण. तोतलाडोहाच्या वर, छिंदवाडा जिल्ह्यात, मध्य प्रदेशानं पेंचवरच आणखी एक धरण बांधलं. आपल्याकडे त्याला चौराई म्हणतात, तिकडे माचागोरा. २०१६-१७ च्या सुमारास त्यात पाणी अडायला लागलं आणि तोतलाडोहात येणारी आवक घटली. त्यात पाऊस कमी झाला. २०१९ चं संकट या दोन्हींची बेरीज होती.

तेव्हा गल्लीगल्लीत एकच वाक्य ऐकू यायचं: "एमपीनं आपलं पाणी अडवलं." ऐकायला बरं वाटतं. पण खरं काय?

१९६४ मध्ये दोन राज्यांत पेंचच्या पाण्याचा करार झाला. त्यात मध्य प्रदेशाचा वाटा ३५ टीएमसी आणि महाराष्ट्राचा ३० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २८ दलघमी. म्हणजे वरच्या राज्याचा वाटा आपल्यापेक्षा जास्त होता, आणि तो कागदावर होता. फक्त अनेक वर्षं त्यांनी तो पूर्ण वापरला नाही. न वापरलेलं पाणी नदीनं खाली येत राहिलं, तोतलाडोहात साठत राहिलं, आणि आपण त्याच्या जिवावर शहर वाढवलं. शेजाऱ्यानं अंगणात ठेवलेली सायकल आपण दहा वर्षं वापरली आणि एक दिवस त्यानं परत नेली, तसं काहीसं झालं. राग येतो, पण सायकल त्याची होती.

आता कोणी म्हणेल, वरच्यानं खालच्याचा विचार करायला नको का? करायला हवा. आणि महाराष्ट्राच्या आत त्यासाठी कायदाही आहे. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा म्हणतो की टंचाईत एका खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी तूट वाटून घ्यायची. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा जायकवाडीचा वाद तुम्ही दर दिवाळीच्या आसपास ऐकता, तो यावरच आहे. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीनं तर आकडाच दिला होता: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडा. भांडण संपलं नाही, पण निदान भांडायला एक आकडा आहे, एक तारीख आहे.

नागपूर आणि छिंदवाड्याच्या मध्ये मात्र राज्याची सीमा आहे. तो कायदा तिथे लागू होत नाही. तिथे आहे फक्त १९६४ चा करार. तो झाला तेव्हा आजचं नागपूर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि आणखी एक. कन्हान हा आपला दुसरा स्रोत ना? तीही सातपुड्यातूनच येते, छिंदवाडा जिल्ह्यातूनच. म्हणजे आपल्याला वाटतं आपल्याकडे दोन नद्या आहेत. पण आभाळ एकच आहे. तिथे पाऊस रुसला तर दोन्ही एकदम आटतात. कन्हानचं पाणी बोगद्यातून तोतलाडोहात आणायची योजना बरीच वर्षं चर्चेत आहे. ती ऐकताना हा मुद्दा डोक्यात ठेवा.

मग उपाय? ग्रे आणि सॅडॉफ यांनी २००२ मध्ये आणखी एक निबंध लिहिला होता, एकापेक्षा जास्त सरकारांच्या हद्दीतून वाहणाऱ्या नद्यांवर. त्यांचं म्हणणं असं की नुसतं पाणी वाटायला बसलात तर एकाला मिळालं तेवढं दुसऱ्याचं गेलं, म्हणजे भांडण ठरलेलं. त्याऐवजी पाण्यातून जे मिळतं ते वाटा. वीज, पुरापासून बचाव, सुधारलेली नदी.

हे पुस्तकी वाटेल. पण याचं उदाहरण तोतलाडोहातच आहे! तिथल्या १६० मेगावॉट जलविद्युत प्रकल्पाची वीज दोन्ही राज्यं वाटून घेतात. दोन हिस्से मध्य प्रदेशाचे, एक महाराष्ट्राचा. म्हणजे एका धरणाचा फायदा दोन राज्यांनी वाटून घ्यायची पद्धत इथे आधीपासून आहे. ती विजेपुरती राहिली. टंचाईच्या वर्षी चौराईतून किती सोडायचं, पुराच्या दिवशी किती वाजता सोडायचं, इथपर्यंत ती पद्धत न्यायला हवी.

वरून येतं ते फक्त पाणी नसतं

पुराचं म्हटलं म्हणून सांगतो. २०१९ मध्ये 'अडवलं' म्हणून आपण ओरडलो. त्याच वर्षी पाऊस उशिरा का होईना जोरात आला आणि तोतलाडोह भरलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या शेवटी, मध्य प्रदेशातल्या धरणांचे दरवाजे उघडले, इथेही पाऊस होताच, आणि पूर्व विदर्भात महापूर आला. पेंच, कन्हान, वैनगंगेच्या काठची गावं पाण्यात गेली. भंडारा शहरात पाणी शिरलं. तेव्हा तक्रार होती की पाणी 'सोडलं', आणि वेळेवर सांगितलं नाही.

ही व्याख्येतली तिसरी बाजू, संकट. धरणाची किल्ली ज्याच्या हातात, तो दुष्काळात आणि पुरात दोन्ही वेळा खालच्याच्या नशिबाचा मालक असतो.

२३ सप्टेंबर २०२३ ला मात्र वर कोणी दुसरं राज्य नव्हतं. नाग नदीचा उगम शहराच्या पश्चिमेला, लाव्याच्या टेकड्यांकडे. अंबाझरी दीडशे वर्षांहून जुना. त्या तलावाच्या सांडव्यासमोर आणि खाली नदीच्या अंगावर जे काही उभं राहिलं, ते आपणच उभं केलं. भिंती, स्लॅब, पार्किंग, बागा. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सांडव्याच्या वाटेतल्या बांधकामांवर प्रश्न उभे राहिले. त्या रात्री वरचेही आपण होतो आणि खालचेही आपणच.

आपण कोणाच्या वर आहोत?

आतापर्यंत आपण वर बघून बोललो. आता मान खाली वळवू. हा भाग नागपूरकर सहसा बोलत नाहीत.

सकाळी आंघोळ केली, भांडी घासली, फ्लश केलं. पाणी गेलं कुठे? दिलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत निघतो, असं अभियंते धरून चालतात. ते गटारांतून नाग, पिली आणि पोरा या नद्यांकडे जातं. त्यातलं काही शुद्ध होतं, काही तसंच. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर आहे गोसीखुर्द धरण. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पूर्व विदर्भाचं सगळ्यात मोठं आशास्थान.

त्या धरणाच्या फुगवट्यात नागपूरचं सांडपाणी जाऊन साठतं. वैनगंगेच्या काठावरची भंडारा जिल्ह्यातली माणसं अनेक वर्षांपासून तक्रार करतायत. पाण्याला वास, जलपर्णीचा गालिचा, मासेमारीवर परिणाम, पिण्याच्या पाण्याची काळजी. गोसीखुर्दसाठी आधी या लोकांनी जमिनी दिल्या, गावं दिली. वर आता हे.

म्हणजे बघा, छिंदवाड्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, "तुम्ही खालच्यांचा विचार करत नाही." भंडाऱ्याचा माणूस आपल्याकडे बोट दाखवून अगदी तेच म्हणतोय. छिंदवाड्यानं निदान स्वच्छ पाणी अडवलं. आपण घाण पाणी सोडलं. व्याख्येतली दुसरी बाजू, दर्जा, इथे नापास होते. आणि नापास आपण होतो, त्रास दुसऱ्याला.

नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी २०२२ मध्ये मिळाली. नवी शुद्धीकरण केंद्रं, नव्या मलवाहिन्या असा तो आराखडा. मंजुरीची बातमी मोठी आली होती. खरी बातमी तेव्हा होईल जेव्हा फुगवट्यातल्या मच्छीमाराला फरक जाणवेल.

वापरलेली बादली पुन्हा

सगळं काळंकुट्ट नाहीये हां. नागपूरनं एक गोष्ट देशात लवकर आणि मोठ्या प्रमाणावर करून दाखवली.

कोराडीचं वीज केंद्र आठवतं? औष्णिक केंद्राला थंड करायला प्रचंड पाणी लागतं, आणि ते पिण्यालायक असायची काही गरज नसते. महानिर्मिती आणि महापालिकेत २००८ मध्ये करार झाला: शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करायचं आणि पाइपनं वीज केंद्राला द्यायचं. १३० एमएलडीचं केंद्र उभं राहिलं. नंतर भांडेवाडीतच २०० एमएलडीचं आणखी एक आलं. ज्या पाण्याचे महापालिकेला कोणी पैसे दिले नसते, त्याचे पैसे मिळायला लागले.

पुन्हा कॅल्क्युलेटर. १३० एमएलडी म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर. १३५ लिटरच्या निकषानं जवळजवळ साडेनऊ लाख माणसांचं पाणी झालं हे. वर्षाला सुमारे ४७ दलघमी. नवेगाव खैरीच्या धरणात वापरण्याजोगं पाणी मावतं साधारण १४२ दलघमी, म्हणजे त्याचा एक तृतीयांश. एकही गाव न बुडवता, एकही झाड न कापता एवढं पाणी 'सापडलं'. आणि हा स्रोत छिंदवाड्याच्या आभाळावर अवलंबून नाही. जोवर शहर आंघोळ करतंय, तोवर तो चालू आहे.

पण टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारून ठेवू. एक, वीज केंद्रानं पेंचचं जे पाणी वापरायचं सोडलं, ते गेलं कुठे? धरणात पुढच्या वर्षासाठी राहिलं, मौद्याच्या कालव्याला मिळालं, की शहराच्याच वाढत्या भागांत जिरलं? वाचलेल्या पाण्याचा हिशेब आधी ठरला नाही तर ते वाचत नाही, नुसतं दुसरीकडे खर्च होतं. दोन, वीज केंद्रात गेलेलं बरंचसं पाणी वाफ होऊन उडतं, नदीत परत येत नाही. म्हणून सगळंच सांडपाणी विकायचं, असंही करून चालणार नाही. काही पाणी नीट शुद्ध करून नागेत सोडावंच लागेल. नाहीतर खालच्यांना घाण तरी मिळणार, नाहीतर काहीच मिळणार नाही.

खोरं म्हणून बघायचं

या सगळ्याकडे कसं बघायचं हे एका मराठी माणसानं आपल्याला बऱ्याच आधी सांगून ठेवलंय. माधवराव चितळे. चाळीसगावचे, अभियंता, केंद्रात जलसंसाधन खात्याचे सचिव. १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, जो पाण्याच्या क्षेत्रातला जगातला सगळ्यात मानाचा समजतात. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगानं १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यातला गाभ्याचा आग्रह असा की पाण्याचं नियोजन जिल्हा किंवा तालुका धरून करू नका, नदीचं खोरं धरून करा. त्यासाठी त्यांनी राज्याचे २५ उपखोऱ्यांत भाग पाडले.

हे किती गरजेचं आहे ते एका उदाहरणावरून कळेल. २०२४ मध्ये राज्य सरकारनं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. खर्च ८७ हजार कोटींच्या वर, लांबी चारशे किलोमीटरहून जास्त. गोसीखुर्दचं पाणी कालव्यांनी पश्चिमेकडे, नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाण्यापर्यंत न्यायचं. आता जोडा दोन गोष्टी. नागपूरचं सांडपाणी जातं गोसीखुर्दला. आणि गोसीखुर्दचं पाणी येणार पश्चिम विदर्भाला, वाटेत नागपूर जिल्ह्यालाही. आपण जे खाली ढकललं, ते फिरून आपल्याकडेच येऊ शकतं. खोऱ्यात 'टाकून दिलं' अशी जागाच नसते.

तर सुरुवातीचा प्रश्न. नागपूर पाण्याच्या बाबतीत सुरक्षित आहे का? माझं उत्तर: धरणाच्या टक्केवारीवरून ते कळतच नाही. पेपरात 'तोतलाडोह ९० टक्के' वाचून हुश्श करू नका. तीन प्रश्न विचारा. वरच्याशी आपला काय करार आहे, आणि तो टंचाईच्या आणि पुराच्या दिवशी काय सांगतो? आपल्यामुळे कालव्यावरच्या शेतकऱ्याचं किती पाणी कापलं गेलं? आणि आपण खाली काय सोडतोय?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, कारण त्याचं उत्तर आपल्याच शहरात आहे. म्हणून या आठवड्याचं काम: तुमच्या वस्तीतलं सांडपाणी कुठल्या शुद्धीकरण केंद्राला जातं, की थेट नाल्यात जातं, हे शोधून काढा. नगरसेवकाला विचारा, झोन ऑफिसला विचारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा. नवी स्कीम असेल तर बिल्डरला विचारा, की सांडपाण्याचं केंद्र बांधलंय ते चालू आहे का, की नुसतं ब्रोशरमध्ये आहे. आणि जे कळेल ते कमेंटमध्ये वस्तीच्या नावासकट लिहा. भंडाऱ्याचे, गोंदियाचे, पवनीचे कोणी ऐकत असाल तर तुम्हीही लिहा, तुमच्याकडे पाणी कसं येतंय. पुढच्या एपिसोडची सुरुवात तुमच्या उत्तरांनीच करू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. आणि हो, तो ड्रम अजून गच्चीवर असेल तर राहू द्या.